दहा आणि वीसच्या मधली जागा

१२ जानेवारी

भाऊजी,

नमस्कार पत्राच्या शेवटी करीन, तोवर राग उतरला तर.

ताईच्या फोनवरून तुम्ही मला निरोप दिलात, "पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे कडेवर बसून गाव फिरणं. आणि घरी आल्यावर सांगायचं, मी चालून आलो." मी तेव्हा दुकानात होते. समोर गिऱ्हाईक नंबर तपासायची जड फ्रेम नाकावर घेऊन बसलं होतं, म्हणून ऐकून घेतलं. आता घेणार नाही.

चाळिशी उलटल्यावर मी हे शिकायला बसले. दिवसभर काचा घासून फ्रेममध्ये बसवते, आणि संध्याकाळी कुणी ना कुणी विचारतंच, "बाई, तुम्हाला हो कशाला हे?" कशाला म्हणजे? आवडतं म्हणून. बुद्धिबळ खेळणाऱ्याला कुणी विचारत नाही.

आमचं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं शनिवारचं मंडळ सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत भरतं. खाली ते चाकं ठोकतात, वर आम्ही भांडतो. बँकेतले कारकून सी सोडून दुसऱ्या कशाला भाषाच मानत नाहीत. नर्सबाईंना जावास्क्रिप्ट आवडते, कारण लिहिलं की लगेच पडद्यावर काहीतरी हलतं. कारकून जाड पुस्तकातून शिकले, नर्सबाई व्हिडिओ बघून, आणि दोघं एकमेकांची कीव करतात. मी पायथॉनवाली. लिहिलेलं दुसऱ्याला वाचता यावं, एवढंच माझं म्हणणं. तिथे मी सगळ्यांना पुरून उरते. पण घरच्या माणसाने नावं ठेवावीत, आणि तीही बेसिकवाल्याने? तुमच्या भाषेचं नाव काढलं तर नर्सबाई म्हणाल्या, "अजून असते का ती?"

सोबत माझा प्रोग्रॅम आहे. आमच्या दुकानात नजर तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येणारे लोक असतात. हा प्रोग्रॅम दर वेळी अक्षरांचा क्रम बदलतो. तुमच्या नियमाप्रमाणे हाताने कागदावर उतरवलाय. पाठवणाऱ्याने लिहायचा आणि घेणाऱ्याने एकेक अक्षर टाइप करायचा, हा नियम मला मुळीच पटत नाही. पण तुमच्याशी वाद घालायचा तर तुमच्याच अंगणात यावं लागतं.

नमस्कार.

तुमची मेव्हणी, चष्मेवाली


२० जानेवारी

मेव्हणीबाई,

हट्.

तुझी ताई म्हणते, पत्राची सुरुवात अशी करू नये. माझं कुठलंच वाक्य त्याशिवाय सुरू होत नाही, हे तिला लग्नाआधी दिसायला हवं होतं.

गिऱ्हाइकाचा टीव्ही उघडा टाकून तुझा प्रोग्रॅम टाइप केला. छान चालतो. फक्त तक्त्यातलं पहिलं, सगळ्यांत मोठं अक्षर कधीच येत नाही. मोजायला शून्यापासून लागायचं की एकपासून, हे तुझं तुलाच ठरलेलं नाही. म्हणजे ज्याला फक्त तेवढंच अक्षर दिसतं, तो बिचारा तुझ्या दुकानात आंधळा ठरणार. चूक आहे. पुन्हा कर.

हे मला कशाने कळलं? टाइप करताना बोट तिथे अडलं म्हणून. बोटांतून गेल्याशिवाय डोक्यात जात नाही, हे मी पहिला रेडिओ उघडला तेव्हापासून सांगतोय. पेन ड्राइव्हमधून आलेला प्रोग्रॅम न चावता गिळलेल्या घासासारखा. पोटात जातो, चव कळत नाही.

आणि बेसिकला हसू नकोस. आमच्याकडे प्रत्येक ओळीला नंबर असतो. दहा, वीस, तीस. एक, दोन, तीन असे नंबर द्यायला कुणाची बंदी नाही, पण शहाणा माणूस देत नाही. का? लिहायला बसल्यावर माणसाला सगळं आठवतं थोडंच. मागाहून आठवलेलं पंधरावर बसवता येतं. जो मध्ये जागा ठेवत नाही त्याला वाटतं, आपण काही विसरणार नाही. असा माणूस मला अजून भेटलेला नाही. तुमचा कारकून तसा असेल तर पाठवून दे, त्याला उघडून बघतो.

भाऊजी


३ फेब्रुवारी

भाऊजी,

मोठं अक्षर आलं. चूक माझी होती, हे कबूल करून पुढे जाते.

पण जागेचं सांगू नका. माझ्या भाषेत ओळींना नंबरच नाहीत. मध्ये काही घालायचं तर घालायचं, बाकीच्या ओळी आपोआप खाली सरकतात. तुमचं ते दहा-वीस-तीस म्हणजे न येणाऱ्या पाहुण्यांची ताटं रोज मांडून ठेवणं. आणि वर त्याचं तत्त्वज्ञान.

तर आता कागदावरची बडबड पुरे. मार्चमध्ये आमचं मंडळ एक खेळ करतंय. काम एकच, भाषा ज्याची त्याची. माणसाने काही विचारलं की प्रोग्रॅमने उत्तर द्यायचं, गप्पा मारायच्या. मी तुमचं नाव दिलंय. तुम्ही कागदावर लिहून पाठवा, टाइप मी करीन, एक स्वल्पविरामही न बदलता. गप्पा मारणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तुम्हाला कोण हरवणार, असं मी सगळ्यांसमोर म्हणून बसलेय. तोंडघशी पाडू नका.

चष्मेवाली


१७ मार्च

भाऊजी,

पाडलंत.

काल खेळ झाला. टेबलावर तुमच्या नावाची चिठ्ठी लावलेला कॉम्प्युटर तसाच बंद होता. कारकून दोनदा तिथे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचे भाऊजी खरोखरचे आहेत ना?" मी कागद येईल म्हणून पोस्टमनला वाटेत अडवत होते, आणि तुम्ही साधी एक ओळ पाठवली नाहीत. ताईला फोन केला तर "कामात आहेत" म्हणते आणि ठेवून देते. असलं कसलं काम? टीव्ही दुरुस्त करताय की बनवताय?

का हरणार हे कळलं म्हणून गप्प बसलात? जन्मभर दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ न देणारा माणूस, आणि आता त्याच्याकडे शब्द नाही. शोभतं. तुमच्या भाषेलाही आणि तुम्हालाही.

उत्तर आलं नाही तर मी जिंकले असं धरीन.


२९ एप्रिल

प्रिय चिमे,

तुझं मार्चचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे सध्या कामात आहेत, म्हणून मी लिहितेय.

माझं एक काम कर. ह्यांच्या एका गिऱ्हाइकाला बोलता येत नाही. त्याच्यासाठी एक प्रोग्रॅम हवाय. बटण दाबलं की एक शब्द स्क्रीनभर मोठा दिसावा, म्हणजे समोरच्याला कळेल. ह्यांना वेळ नाही, तेव्हा मीच लिहिलाय. हसू नकोस. ह्यांच्या जुन्या पुस्तकातून शिकले, प्रत्येक पान टाइप करून. जन्मभर छापखान्याची प्रुफं तपासली, पण चूक राहिली तर उलट उत्तर देणारं पुस्तक पहिल्यांदाच भेटलं. पहिल्या आठवड्यात मी कॉम्प्युटरशी बोलणंच टाकलं होतं. मग पुन्हा बसले.

आता तो चालतो. फक्त बटण दाबल्यापासून शब्द उमटेपर्यंत वेळ लागतो. तेवढ्यात त्या माणसाचा धीर सुटतो. तेवढं बघ. कागद सोबत आहेत. बाकी काही बदलू नकोस.

घरी सगळं ठीक.

ताई


८ मे

ताई,

तुझे कागद बघून मला आधी रडू आलं आणि मग संताप. तुझा नाही, भाऊजींचा. तू शिकायला बसलीस आणि ह्या माणसाने तुझ्या हातात बेसिक दिली? गिऱ्हाईक त्यांचं, राबणार तू, आणि तेही असल्या भाषेत. त्यांना सांग, हे मी विसरणार नाही.

मी तो अख्खा पायथॉनमध्ये नव्याने लिहिलाय. शब्द आता पापणी लवायच्या आत येतो. शिवाय बरंच आवरून टाकलं. तू एकच शब्द चार-चार बटणांना दिला होतास, "पाणी" चार ठिकाणी, "नको" चार ठिकाणी. नवशिक्यांचं होतं असं. आता एका शब्दाला एकच बटण, आणि तेही शब्दाच्या पहिल्या अक्षराचं. पाणीला प, दुखतंयला द. शोधायला नको. सगळे शब्द तू डाव्या बाजूला कोंबले होतेस, ते आता पूर्ण कीबोर्डवर पसरलेत. आणि यादीत सगळ्यांत वर भाऊजींचं "हट्" होतं, ते काढलं. आजारी माणसाच्या यंत्रात यांची थट्टा कशाला?

टाइप करत बसायचा त्रास नको म्हणून पेन ड्राइव्ह पाठवतेय. लावायचा आणि सुरू करायचा. भाऊजींच्या नियमाला माझा रामराम सांग.

चिमी


१६ मे

चिमे,

बाकी काही बदलू नकोस असं मी लिहिलं होतं. तपासायला आलेल्या मजकुरात लेखकाला न विचारता मी आजवर एक ओळ बदललेली नाही. तू मला न विचारता सगळं बदललंस आणि वर त्याला आवरणं म्हणालीस. मला असा राग आलाय की हे तिसऱ्यांदा लिहितेय.

गिऱ्हाईक नाही. हे आहेत.

तुझं फेब्रुवारीचं पत्र आलं त्याच आठवड्यात ह्यांना झटका आला. तुमच्या खेळासाठी प्रोग्रॅम लिहीत टेबलाशी बसले होते. उजवा हात गेला, आणि बोलणं गेलं. डोकं जागेवर आहे. सगळं कळतं, तोंडातून काही येत नाही. लिहायला घेतलं तर अक्षरं विखुरतात. आकडे तेवढे शाबूत आहेत. दवाखान्यातून घरी आल्यावर मी तुला फोन लावत होते, तर ह्यांनी डाव्या हाताने फोन धरला आणि मान हलवली. तुला कळू द्यायचं नव्हतं. बाकी कुणाला कळलं त्याचं काही नाही, पण तुला नाही. म्हणून मी खोटं बोलले. ते मला जड गेलं, पण तुझ्यासारखं न विचारता केलं नाही.

तुझं "शब्द नाही" वालं पत्र मी वाचून दाखवायला नको होतं. अर्ध्यात आल्यावर कळलं, पण हे थांबू देईनात. चेहरा लाल झाला. डाव्या मुठीने पलंगाची कड ठोकायला लागले. आजारपणात पहिल्यांदा त्यांना काहीतरी हवं होतं. तुला उत्तर द्यायचं होतं. म्हणून मी ते पुस्तक काढलं.

चार बटणं नवशिकेपणाने दिली नव्हती. बोट हव्या त्या बटणावर टेकत नाही, शेजारी घसरतं. म्हणून चार बटणांवर मिळून एक निळी चिकटपट्टी लावली. ते पाणी. पिवळी म्हणजे नको. डावीकडे, कारण हात डावा. ते अक्षर शोधत नाहीत, जागा लक्षात ठेवतात. आणि हट् थट्टेने घातलं नव्हतं. बाकीचे शब्द मी निवडले. तो एकच त्यांनी मागितला. हाताने झटकून, माशी हाकलावी तसं करून दाखवलं, मला कळेपर्यंत. लाल पट्टी.

तुझा पेन ड्राइव्ह लावला त्या सकाळी त्यांनी निळ्यावर बोट ठेवलं. काही नाही. पुन्हा ठेवलं. मग लाल. तिथे काहीतरी भलताच शब्द आला. मी मूर्खासारखी म्हटलं, "अहो, आता प दाबायचा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कीबोर्ड खाली ढकलून दिला.

मी माझा प्रोग्रॅम परत घातलाय. हात पांघरुणाखाली आहे. बाहेर काढत नाहीत. त्यांना वाटतं, तेही आता त्यांचं राहिलं नाही.

हाताने टाइप केला असता तर मी दुसऱ्याच ओळीला थांबले असते. नियम त्यांचाच बरोबर होता.

येऊ नकोस. तुझ्यासमोर गप्प बसायचं त्यांच्या जिवावर येईल.

ताई


२१ मे

ताई,

माझी चूक कुठे झाली ते मला कळलं. त्यावर पानं भरून लिहिलं तर तू मलाच समजावत बसशील, म्हणून लिहीत नाही.

पण तूही ऐक. फेब्रुवारीपासून तू मला "घरी सगळं ठीक" सांगत होतीस. मी इथे लोकांना हसत चष्मे घालत होते, आणि तू तिकडे एकटीने त्यांना उठवत-बसवत होतीस. त्यांनी नको म्हटलं म्हणून? त्यांचं तू बाकी कुठे ऐकतेस? मला हक्काने रडायचं होतं गं. तो हक्क तू परस्पर त्यांना देऊन टाकलास.

लगेच येत नाही. तू म्हणतेस म्हणून नाही. मला आधी एक काम करायचंय. पाकिटातला दुसरा कागद त्यांच्यासमोर मोठ्याने वाच. दया येऊन मधलं काही गाळू नकोस. प्रुफं तपासणारी आहेस, जसं आहे तसं वाच. मग कागद त्यांच्या हाताशी ठेव आणि स्वयंपाकघरात निघून जा.

चिमी


२१ मे

भाऊजी,

मला सगळं कळलंय. तुम्ही आजारी आहात म्हणून मी गोड बोलेन असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा.

माझ्यापासून लपवलंत. नर्सबाईंना कळलेलं चाललं असतं, कारकुनांना कळलेलं चाललं असतं, मेव्हणीला नाही. का? मी हसेन म्हणून? इतकी वर्षं भांडून तुम्हाला मी एवढीच कळले? याचा मला जो राग आहे तो सावकाश, समोर बसून काढीन. आत्ता मुद्द्याचं.

खेळाच्या दिवशी तुमचा कॉम्प्युटर बंद होता. मंडळाच्या नियमाप्रमाणे तुम्ही हरलात. हे नोंदवून ठेवायला तुमच्याच भाषेत एक प्रोग्रॅम लिहिलाय. मी बेसिक दोन संध्याकाळी शिकले. दोनच लागल्या, यावरून भाषेची लायकी कळते. प्रिंट म्हणजे "हे स्क्रीनवर दाखव", गोटू म्हणजे "त्या ओळीवर जा", एवढं आलं की संपलीच.

१ प्रिंट "पायथॉन जिंकली"
२ प्रिंट "भाऊजी हरले"
३ गोटू १

हा चालू केला की बंद करेपर्यंत स्क्रीनवर तेच तेच येत राहतं. आणि नंबर नीट बघा. एक, दोन, तीन. मध्ये जागा ठेवलेली नाही. तुम्हाला आता मागाहून काय आठवणार आहे?

चष्मेवाली


४ जून

चिमे,

तुझा कागद मी मोठ्याने वाचला. शेवटचं वाक्य मी गाळणार होते. गाळलं नाही. मग तू सांगितलंस तशी आत गेले आणि उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

काही पडल्याचा आवाज आला. धावत आले तर पांघरूण खाली होतं आणि ह्यांचा हात बाहेर. कागदावर बोट आपटत होते. त्या एक, दोन, तीनवर. चेहरा असा की मला वाटलं पुन्हा काही होतंय. मी पाणी पुढे केलं तर तेही झटकलं. शेवटी ह्यांनी कीबोर्डकडे हात केला. मी मांडीवर ठेवला. बोट लाल पट्टीवर टेकलं आणि उठेचना. स्क्रीनभर हट्. आमचे जावई ह्यांना बघायला आले होते, ते दारातच थबकले. त्यांना वाटलं त्यांनाच म्हणताहेत. मला किती दिवसांनी हसू आलं.

मग पेन्सिल मागितली. डाव्या हाताने तुझे नंबर खोडले. एकाचा दहा केला, दोनाचा वीस, तिनाचा तीस. शेवटच्या ओळीतल्या एकाचाही दहा केला, तेवढं लक्ष आहे. आकडे वेडेवाकडे, पण आकडेच. त्यानंतर दहा आणि वीसच्या मध्ये लिहायला लागले. शब्द वरच्या-खालच्या ओळीत बघून, चित्र काढावं तसे. हट् मला लाल पट्टीशेजारी लिहून द्यावं लागलं, मग ते उतरवलं. दोन दिवस रोज सकाळी तेच. मी मदत करायला गेले की कागद उलटा करतात.

काय लिहिलंय ते मी वाचलंय, पण सांगणार नाही. कागद पाठवतेय. टाइप कर.

आणि आता ये. मी विचारलं, चिमीला बोलावू का? त्यांनी पिवळ्याजवळ गेलेलं बोट मागे घेतलं, विचार केला, आणि पुन्हा लालवर ठेवलं. ते हो आहे. मला आता कळतं.

ताई


९ जून

भाऊजी,

शनिवारी तुमचा कागद मंडळात नेला आणि सगळ्यांसमोर टाइप केला. खालच्या सायकलवाल्यालाही वर बोलावलं. एक अक्षर बदललं नाही.

१० प्रिंट "पायथॉन जिंकली"
१५ प्रिंट "हट्"
१७ गोटू २५
२० प्रिंट "भाऊजी हरले"
३० गोटू १०

चालू केला. आधी आलं, पायथॉन जिंकली. त्याच्या खाली, हट्. कारकून मोठ्याने हसले आणि म्हणाले, "म्हणजे आहेत." मी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने खिडकीशी जाऊन उभी राहिले.

परत आले तर कॉम्प्युटर अडून बसलेला. विसाव्या ओळीत तुम्ही हरता, म्हणून ती चुकवायला सतरावरून थेट पंचविसावर उडी मारलीत. लबाडी आवडली. पण भाऊजी, पंचवीस नंबरची ओळच नाही. तुम्ही ती लिहिलेलीच नाही. कॉम्प्युटर म्हणतो, जायचं कुठे?

हा असला प्रोग्रॅम मी पाठवला असता तर तुम्ही मला जन्मभर ऐकवलं असतंत. दहा, वीस, तीस म्हणून एवढं मिरवता, ती जागा मग कशाला ठेवली होती?

चूक आहे. पुन्हा करा.

मी रविवारी येतेय. पंचविसावी ओळ तयार ठेवा. हाताने लिहिलेली.

चष्मेवाली